गोंगाट नव्हे, तंबोरा!

२०२०च्या टाळेबंदीतील प्रसंग आहे. आमच्या परिचयातील एक गायिका पुण्यातील आपल्या घरी बसून अमेरिकेतील शिष्येला यमन शिकवीत होत्या. संगणकाच्या पडद्यावर शिष्येचा चेहरा स्वच्छ दिसत होता, बोलणेही स्पष्ट ऐकू येत होते. बाईंनी तंबोरा छेडला, दोन-चार आवर्तने झाली आणि पलीकडून प्रश्न आला, "ताई, तंबोरा बंद झाला का हो?" तंबोरा बंद झालेला नव्हता. बाईंची बोटे तारांवर फिरतच होती. परंतु पलीकडे तो पोहोचत नव्हता. बाई बोलू लागल्या की त्यांचा आवाज जाई. त्यांनी षड्ज लावून तो स्थिर केला की तोही हळूहळू विरून जाई. दोघींनी काही दिवस इंटरनेटला दोष दिला. पुढे बाईंच्या अभियंता भाच्याने उलगडा केला. बैठकांसाठी तयार केलेल्या त्या सॉफ्टवेअरला मनुष्याचे बोलणे तेवढे ओळखता येत होते. अखंड चालणारा, न बदलणारा नाद म्हणजे पंखा, वातानुकूलन यंत्र किंवा रस्त्यावरील रहदारी, असे त्याला शिकविण्यात आले होते. त्यामुळे तंबोऱ्याचा नाद ऐकताच ते यंत्र आपले कर्तव्य चोख बजावीत होते. तंबोरा म्हणजे गोंगाट, असा निकाल देऊन ते त्याला गाळून टाकीत होते!

या प्रसंगावर हसून पुढे जाता येईल. ही छाननी बंद करण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, हेही खरे आहे. तथापि, मूळ प्रश्न त्या सोयीचा नाही. नाद कोणता आणि गोंगाट कोणता, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. ज्या संगीताचा सारा डोलारा आधारस्वराच्या अखंड नादावर उभा आहे, त्या संगीतातील गुरूला आपला आधारस्वर शिष्यापर्यंत पोहोचविण्यासाठी दूरच्या कंपनीने दिलेली कळ शोधत बसावे लागते. ती कळ उद्या काढून टाकली, तर दाद कोणाकडे मागायची?

यंत्र निरपेक्ष नसते

यंत्राला धर्म नसतो, संस्कृती नसते, ते केवळ साधन असते, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक प्रत्येक यंत्रात ते घडविणाऱ्याच्या गरजा आणि गृहीतके मुरलेली असतात. कार्यालयीन बैठकीसाठी घडविलेले यंत्र बोलण्याला प्राधान्य देणार. त्यात त्याचा दोष नाही. ज्यांनी ते घडविले त्यांच्या डोळ्यांसमोर मैफल नव्हती, एवढेच. दोष असलाच तर आपला आहे. आपल्या गरजेचे यंत्र आपण घडवावयाचे असते, हेच आपण विसरलो.

एके काळी हे आपल्याला ठाऊक होते. युरोपातून आलेली पायपेटी खुर्चीवर बसून वाजवावी लागे. भारतीय बैठक जमिनीवरची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी ती पेटी उघडली, भाता पायाखालून काढून हाताशी आणला आणि आज घराघरांत दिसणारी हातपेटी सिद्ध झाली. तिच्या ठरीव स्वरांत आपल्या श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप रास्त होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. परंतु पेटी उघडता येत होती, तिच्या सुऱ्या घासून हव्या तशा जुळविता येत होत्या, म्हणूनच वादाला आणि सुधारणेलाही जागा होती. पुढे बंगळुरूचे जी. राज नारायण या बासरी वाजविणाऱ्या अभियंत्याने इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. कलेची गरज ज्याला कळते आणि यंत्रही कळते, अशा माणसाने हत्यार हाती घेतले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

फार लांब कशाला जायचे? संघाच्या घोषाकडेच पाहा. बिगूल, साइड ड्रम, बेस ड्रम ही सारी ब्रिटिश लष्करी बँडची वाद्ये. ती टाकून न देता घोषाने स्वीकारली. त्यांना शंख, आनक, पणव अशी नावे दिली आणि इंग्रजी धून बाजूला सारून आपल्या रागांवर आधारित रचना बसविल्या. परकीय वस्तूला स्पर्शही करायचा नाही, हा स्वदेशीचा अर्थ नव्हेच. वस्तू समजून घ्यायची आणि आपल्या गरजेनुसार बदलण्याचे स्वातंत्र्य आपल्या हाती ठेवायचे, हा तिचा अर्थ आहे. दत्तोपंत ठेंगडी पाश्चात्यीकरणाविना आधुनिकीकरणाचा जो विचार मांडीत, त्याचा व्यवहारातला आशय यापेक्षा वेगळा नाही.

उशिराचे गणित

आता मूळ विषयाकडे येऊ. नेटवर्कवरून ध्वनी वाहून नेणारी, संगीताला योग्य अशी आणि संपूर्ण खुल्या आराखड्याची एक छोटी ध्वनिपेटी आपल्याला घडविता येईल काय? हे लिहिणारा कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे अभियंत्यांकडून जे समजून घेतले तेच साध्या शब्दांत मांडतो.

संचलनात चाललेल्या प्रत्येक स्वयंसेवकाने अनुभवलेली गोष्ट आहे. घोष पुढे असतो आणि वाहिन्यांची रांग लांबवर पसरलेली असते. पुढच्यांची पावले ठेक्यावर पडतात, शेवटच्यांची मात्र चुकतात. यात त्यांचा आळस नसतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावले ही गती धरली, तर १७० मीटर मागे असलेल्या स्वयंसेवकाला पणवाचा ठोका अर्धा सेकंद, म्हणजे नेमके एक पाऊल उशिरा ऐकू येतो. पुढच्याचे डावे पाऊल पडते तेव्हा मागच्याचे उजवे पडते!

नेटवर्कवरील संगीताची अडचण हीच आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. एका मिलिसेकंदात हवेतील ध्वनी सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. दोन कलावंतांमधील उशीर २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडे गेला की लय राखणे अवघड होते. एकमेकांपासून नऊ-दहा मीटर दूर बसून वाजविण्यासारखेच ते आहे. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. पुणे-मुंबईला त्यामुळे एक मिलिसेकंदसुद्धा लागू नये, पुणे-नागपूरला चार-पाच पुरेत. प्रत्यक्षातील मार्ग वळणावळणाचे असतात, वाटेत यंत्रे लागतात, हे जमेस धरूनही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जुगलबंदी शक्य आहे. मग आज ती का होत नाही? कारण बहुतेक वेळ रस्त्यात जात नाही, तो दोन्ही टोकांच्या यंत्रांत जातो. ध्वनीचे आकड्यांत रूपांतर, त्याची पुडकी बांधणे, छाननी, संकोच आणि पलीकडे पुन्हा साठवण, यांत शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खर्ची पडतात. संभाषणात ते जाणवत नाहीत, तबल्याच्या साथीत मात्र घात करतात.

पुण्याहून न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तेथे केवळ प्रकाशालाच एका बाजूने साठपेक्षा अधिक मिलिसेकंद लागतात. कोणत्याही देशाच्या कोणत्याही अभियंत्याला हा नियम मोडता येणार नाही. परंतु येथे आपली परंपरा आपल्या मदतीला येते. आपल्या तालमीत गुरू आधी गातो आणि शिष्य त्याच्या मागून. दोघांनी एकाच क्षणी गाणे तेथे अनिवार्य नसते. तेव्हा दूर देशीच्या शिष्यासाठी उशीर थोडा वाढला तरी चालेल, पण मींड तुटता कामा नये, कणस्वर गळता कामा नये, तंबोरा पुसला जाता कामा नये. ठेकासुद्धा गुरूच्या टोकाकडून पाठवावा. शिष्याने त्यावर गावे, त्याच्या पेटीने ठेका आणि गायन एकत्र करून परत पाठवावे आणि गुरूने आपल्याकडचा ठेका बंद ठेवून तेच ऐकावे. गुरूला दोन्ही जुळलेलेच ऐकू येतील, फक्त क्षणभर उशिरा. जवळच्या साथीसाठी उशीर कमी हवा आणि दूरच्या तालमीसाठी शुद्धता अधिक हवी. ही निवड वापरणाऱ्याच्या हाती देणारी कळ पेटीच्या दर्शनी भागावरच असावी. आपल्या गरजेतून विचार केला की आराखडा कसा बदलतो, याचा हा नमुना आहे.

घड्याळे जुळविण्याची कला

पेटीची रचना ऐकावयास सोपी आहे. एका बाजूला मायक्रोफोन जोडण्याची जागा, आत त्याचा क्षीण प्रवाह वाढविणारा भाग, पुढे त्या प्रवाहाचे सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप घेणारी चिप आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्कची तार. २४ बिटांच्या अशा एका वाहिनीला सेकंदाला साडेअकरा लाख बिट लागतात. आजच्या घरगुती जोडणीला हे ओझे नाही.

खरी परीक्षा घड्याळाची असते. प्रत्येक पेटीत स्फटिकाचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत वीस एवढा सूक्ष्म फरक धरला, तरी सेकंदाला जवळजवळ एका मोजमापाची तफावत पडते. दोन तासांच्या मैफलीत ती सुमारे सात हजारांवर जाते, म्हणजे सेकंदाचा सातवा हिस्सा! एकीकडे मोजमापे साचत जातात, दुसरीकडे ती संपून आवाज तुटतो. म्हणून मैफलीपूर्वी जसे तंबोरे जुळवितात तशी पेट्यांची घड्याळे जुळवावी लागतात, आणि तीही एकदाच नव्हे, अखंड. एकाच सभागृहातील नेटवर्कवर यासाठी काळ जुळविण्याची आयईईई १५८८ ही प्रमाणित पद्धत आहे. सार्वजनिक इंटरनेटवर ती तेवढी नेमकी चालत नाही. तेथे साठवणीची पातळी पाहत पाहत पेटीला आपली गती सूक्ष्मपणे सावरावी लागते.

या क्षेत्रात जगात आज दोन प्रवाह आहेत. ऑस्ट्रेलियातील ऑडिनेट या कंपनीची 'दान्ते' ही पद्धत सभागृहे व ध्वनिमुद्रणगृहांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती उत्तम चालते, पण ती कंपनीची मालमत्ता आहे आणि उपकरण बनविणाऱ्याला तिचा परवाना घ्यावा लागतो. दुसरा प्रवाह खुल्या प्रमाणांचा. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१३ साली एईएस-६७ हे प्रमाण प्रसिद्ध केले. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी परस्परांशी बोलावे, हा त्याचा हेतू. ध्वनीचा संकोच करणारी 'ओपस' ही पद्धत २०१२पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. कलावंतांना नेटवर्कवरून एकत्र वाजविता यावे म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात 'जॅकट्रिप' आणि जर्मनीत 'जॅम्युलस' ही खुली सॉफ्टवेअर तयार झाली. खुल्या विद्युतआराखड्यांसाठी युरोपातील सर्न या विज्ञानसंस्थेने २०११मध्ये स्वतंत्र परवाना सिद्ध केला. म्हणजे विटा, चुना, लाकूड सारे अंगणात येऊन पडले आहे. घर बांधण्याचा संकल्प तेवढा बाकी आहे.

चिजा उघड्या करणारे दोन मराठी पुरुष

'खुला आराखडा' हा शब्द नवा असेल, कल्पना मात्र आपल्या मातीत नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानी संगीताची स्थिती काय होती? चिजा घराण्याघराण्यांत बंदिस्त होत्या. मुलाला किंवा जावयाला देतील, परक्याला नाही. अनेक बंदिशी गवयाबरोबरच चितेवर गेल्या. अशा काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडले, निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून शेकडो चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापून टाकल्या. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरांतील मुलामुलींना संगीताचे दार उघडले. स्वरलिपी म्हणजे चिजेचा खुला आराखडाच नव्हे काय? चीज छापली म्हणून गवयाचे मोल घटले नाही. पुस्तक सर्वांच्या हाती आले, तरी गाणे ज्याचे त्यालाच कमवावे लागले. उलट संगीत टिकले आणि वाढले.

ज्ञान लपविल्याने सुरक्षित राहते की वाटल्याने, या प्रश्नाचे उत्तर या दोघांनी आपल्या आयुष्याने दिले आहे. दुर्दैव असे की, यंत्राच्या बाबतीत आपण पुन्हा बंद घराण्यांचे गंडाबंध शागीर्द होऊन बसलो आहोत. नुसते शागीर्दही नव्हे, गिऱ्हाईक!

आक्षेप आणि उत्तरे

बाजारात तयार वस्तू मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असा पहिला आक्षेप येईल. त्याचे उत्तर संगीताबाहेरच्या एका घटनेत आहे. २०२५च्या जुलै महिन्यात युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबविल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि पुढे सेवा पूर्ववत झाल्या. परंतु भारतभूमीवरील एका मोठ्या उद्योगाचे कामकाज दूर देशीच्या निर्णयाने अडू शकते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. एवढ्या बलाढ्य उद्योगाची ही कथा, तर गल्लीतील संगीत विद्यालयाची काय पत्रास?

दुसरा आक्षेप असा की, आराखडा खुला ठेवला तर चीनमधील कारखाने तोच स्वस्तात बनवून आपल्यालाच विकतील. तसे घडू शकते. परवान्यात अशी अट जरूर घालता येते की, आराखड्यात सुधारणा करून वस्तू विकणाऱ्याने ती सुधारणाही सर्वांना खुली करावी. शिवाय येथे आपला स्वार्थ नुसत्या खोक्याच्या विक्रीत नाही. पेटी बिघडली तर पुण्याच्या तपकीर गल्लीतील किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कारागिराला ती उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तीत सुधारणा सुचली, तर ती करण्यासाठी कोणाची परवानगी लागता कामा नये. हे स्वातंत्र्य हाच खरा लाभ आहे.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आपल्याच बाजूने यायला हवा. पेटीतील चिपा परदेशी, लिनक्सचा जन्म फिनलंडमध्ये झालेला, ओपस परदेशी. मग यात स्वदेशी ते काय? या आक्षेपापुढे डोळे मिटून चालणार नाही. ध्वनीचे मोजमाप घेणाऱ्या उत्तम चिपा आज बाहेरूनच आणाव्या लागतात. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या रचनेवर सिद्ध झाले आहेत, ही आशादायक गोष्ट आहे. परंतु सर्व काही एका दिवसात होणार नाही. पायरी-पायरीनेच जावे लागेल. सी-डॅकने १९९१ साली पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यातील प्रोसेसरही बाहेरचेच होते. ते एकमेकांशी जोडण्याची बुद्धी मात्र आपली होती आणि त्या बळावरच आपण तंत्रज्ञान नाकारणाऱ्यांना उत्तर दिले.

केवळ घेणे नको

येथे स्वतःकडेही बोट दाखविले पाहिजे. खुल्या सॉफ्टवेअरचा आपण मनमुराद उपभोग घेतो, परत मात्र फारसे देत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. आपल्या किती संस्थांनी ते मनावर घेतले? व्यासपीठावर स्वदेशीवर तासभर बोलायचे आणि त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण चोरून मिळविलेल्या परदेशी सॉफ्टवेअरवर करायचे, हे दृश्य दुर्मिळ नाही. ते लज्जास्पद आहे. ज्या समाजात गुरुदक्षिणेची आणि समर्पणाची भाषा बोलली जाते, त्या समाजाने फुकट मिळते म्हणून ओरपत राहावे, हे शोभत नाही. जगाच्या ज्ञानभांडारातून घेतले, त्यात आपली भर घालून ते परत ठेवले, तरच आपली मान ताठ राहील.

काम मोठे दिसले तरी त्याचे तुकडे लहान आहेत. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने चौथ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दोन वाहिन्यांची पेटी घ्यावी. पहिल्या वर्षाच्या मुलांनी केलेले पुढच्या वर्षाच्या मुलांनी वाढवावे. आज असे प्रकल्प गुण मिळताच कपाटात कुजतात, आराखडा खुला असेल तर ते घडणार नाही. दोन गावांतील संगीत विद्यालयांनी आठवड्यातून एक दिवस ती वापरून पाहावी आणि काय खटकते ते निःसंकोचपणे सांगावे. कोणी मराठीत माहितीपुस्तिका लिहावी. ज्यांना यातील काहीच येत नाही, त्यांनी सुट्या भागांचा खर्च उचलावा. अमेरिकेतील मराठी मंडळींनी आपल्या मुलांच्या शिकवणीसाठी पलीकडचे टोक सांभाळावे. त्यांच्यात या क्षेत्रातले जाणकार अनेक आहेत आणि नातवंडांच्या कानी शुद्ध षड्ज पडावा, ही ओढही त्यांनाच सर्वाधिक आहे.

हा सारा खटाटोप एका पेटीसाठी आहे, असे कोणी म्हणेल. तो पेटीसाठी नाही. ज्या बाईंची गोष्ट प्रारंभी सांगितली, त्यांनी शेवटी एक तोडगा काढला. शिष्येने आपल्या घरी स्वतंत्र तंबोरा सुरू ठेवावा आणि बाईंनी आपल्या घरी आपला. दोघी एकमेकींच्या तंबोऱ्याविना दोन वर्षे गात राहिल्या. शिकवणी झाली, पण एका तंबोऱ्याखाली बसण्यात जे असते ते झाले नाही. पुढे शिष्या पुण्यास आली. पहिल्या दिवशी बाईंनी तंबोरा छेडला तेव्हा ती बराच वेळ गायलीच नाही, नुसती ऐकत बसली. तो नाद सात समुद्रांपलीकडे जसाच्या तसा पोहोचविणारे यंत्र आपल्याशिवाय दुसरे कोण घडविणार? इतरांना तो गोंगाटच वाटतो!